येडूची शेळी

सोलापुरात गिरणीच्या पाळणाघराला कुलूप लागलं, त्या दिवशी सोनाबाई दोन पोती घेऊन घरी आली. एक तिच्या डोक्यावर, दुसरं मुलाच्या, हिंदुरावच्या सायकलीच्या कॅरियरला बांधलेलं. पोत्याच्या तोंडातून एका कापडी हत्तीची सोंड बाहेर लोंबत होती आणि चाळीतली पोरं सायकलीमागून ओरडत येत होती, "सर्कस आली! सर्कस आली!"

"आली की," सोनाबाई म्हणाली. "वाघ तेवढा गिरणीतच ठेवलाय, म्यानेजर म्हणून."

चाळीतल्या बायका खदखदा हसल्या. सोनाबाईही हसली, आणि घरात जाऊन पोतं खाली ठेवल्यावर त्याच्यावरच बसून राहिली. सूनबाईनं, अनसूयेनं पाणी आणून दिलं, ते तिच्या हातात तसंच राहिलं.

सोनाबाई मूळची मंगळवेढ्याची. नवरा लवकर गेला. दोन वर्षांच्या हिंदुरावला कडेवर घेऊन ती सोलापूरला आली, ती स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या साली, आणि गिरणीत नवंच निघालेल्या पाळणाघरात पोरं सांभाळायला लागली. सूत रिळांवर गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात तेव्हा बायकाच बायका. सकाळचा भोंगा झाला की अंगाखांद्यावर पोरं घेऊन त्या दारात यायच्या, पोर सोनाबाईच्या हातात द्यायच्या आणि मागं न बघता निघून जायच्या. मागं बघितलं तर पाऊल उचलत नसे.

त्या काळी बऱ्याच बायका पोराला अफूची बारीक गोळी चाटवून आणत. पोर दिवसभर निपचित पडे. सोनाबाईला ते बघवत नसे. "रडू दे की," ती म्हणायची. "रडणारं पोर जित्तं हाय एवढं तरी कळतं." पण पंचवीस पोरं एका वेळी रडायला लागली की तिचंही डोकं उठायचं. एकदा असंच एक पोर काही केल्या राहीना. त्याच्या आईचं डोक्याला बांधायचं फडकं खुंटीवर राहिलं होतं, ते सोनाबाईनं त्याच्या गालाखाली सारलं, आणि पोर हुंदका गिळून झोपलं. तिनं ते ध्यानात ठेवलं. गिरणीत टॉवेलचे फाटके तुकडे आणि सुताचा कचरा हवा तेवढा पडलेला. दुपारी पोरं निजली की ती सुईदोरा घेऊन बसे. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यांचे आकार तिच्या डोळ्यांसमोर असत. त्यावरून हत्ती झाले, ससे झाले, मांजरं झाली. एक अस्वल झालं, ते बघून सुपरवायझर म्हणाला, "मावशी, म्हैस छान केलीय."

प्रत्येक पोराचं जनावर वेगळं, आणि प्रत्येकाच्या पोटात त्याच्या आईच्या अंगावरच्या, न धुतलेल्या लुगड्याची एक चिंधी. चिंधीला गाठ आईनंच मारायची, हा सोनाबाईचा नियम होता. "तुझी गाठ बसली की पोर तुझ्याशी बांधलेलं ऱ्हातंय, भोंगा होईपतूर." बायका हसत, पण गाठ मात्र घट्ट मारत. त्या जनावरांना सोनाबाई वरून ओल्या फडक्यानं पुसायची. पोटाला कधी पाणी लागू दिलं नाही. आईचा वास गेला तर मग राहिलं काय? टॉवेल आणि कचरा.

एक हिंदुराव सोडला तर सगळ्यांना जनावर होतं. तोही त्याच पाळणाघरात वाढला. "मला का न्हाय?" तो विचारायचा. "तुझी आई हितंच हाय की रं," ती म्हणायची. आता त्याचं लग्न झालं, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत तो यंत्रमागावर जायला लागला, तरी कधी जेवताना चिडवायचाच. "आमच्या आईनं गावाला हत्ती वाटले आन आमाला दाखवली शेपूट."

पुढं गिरणीत नवी यंत्रं आली. वाइंडिंगमधल्या बायका कमी होत गेल्या. पाळण्यांवर धूळ बसायला लागली. शेवटी चार पोरं राहिली, मग दोन. पाळणाघर बंद करून तिथं सुताचं गोदाम करायचं ठरलं. खोली रिकामी करताना मॅनेजरनं जनावरांच्या ढिगाकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे बॉयलरला द्या."

"पोरांची जनावरं जाळायची?" सोनाबाई म्हणाली. "माज्या हातानं न्हाय जमायचं, सायेब." आणि तिनं पोती मागितली.

अशी ती सर्कस घरी आली.

चाळीतल्या त्या दोन खोल्या. अनसूयेला सातवा महिना लागलेला. पहिलंच बाळंतपण, तेही सासरी. तिची आई मंगळवेढ्याहून येणार होती. आणि खोलीत निम्म्या जागेत पोती.

"आत्या," अनसूया सासूला म्हणाली, "ही जनावरं ऱ्हाणार कुटं आन आपण कुटं?"

"बघू की."

"बघू म्हणून पंधरा दिवस झालं. रात्री उठलं की हत्तीला पाय लागतुय. काल मला वाटलं उंदीरच."

पोरीचं खोटं नव्हतं. घर मोकळं करायला हवं होतं. सोनाबाई एक दिवस पोती सोडून बसली आणि एकेक जनावर हातात घेऊन त्याला काम लावायला लागली. दोन ससे पाठीला पाठ लावून शिवले, ते चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायला. एक मांजर दाराच्या फटीत बसवलं, तिथून धूळ यायची. अस्वल चपटं करून हिंदुरावच्या सायकलीच्या सीटवर बांधलं. एमआयडीसीतले सोबती विचारायला लागले, "काय हिंदुराव, म्हशीवर बसून आलास व्हय?" शेजारच्या म्हाताऱ्या रंभाबाईच्या गुडघ्याखाली घ्यायला एक हत्ती दिला. रंभाबाई म्हणाली, "जल्मात न्हाय, पण शेवटाला हत्तीवर बसले बाई."

तरीही पोतं भरून उरलीच. त्यांची वाकळ करायची असं सोनाबाईनं ठरवलं. येणाऱ्या बाळाला वाकळ लागणारच होती. वरून टॉवेलची कातडी जोडायची, आत सूत पसरायचं, चिंध्यांची ठिगळं लावायची. एवढ्या पोरांना ज्यांनी निजवलं, ते आपल्या नातवंडालाही निजवतील.

तिनं उरलेली सगळी जनावरं उसवली. पोटातल्या गाठी एकेक करून सोडवल्या, कारण वाकळीत गाठ राहिली तर तान्ह्याच्या अंगाला रुतणार. काही गाठी इतक्या घट्ट होत्या की दातानं सोडवाव्या लागल्या. मग मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून सगळं उकळलं. आयुष्यभर तिनं स्वच्छतेचा धडा गिरवला होता. दुसऱ्यांच्या पोरांची लाळ लागलेलं कापड ती न उकळता नातवाच्या अंगावर घालणं शक्यच नव्हतं.

शेवटी एक शेळी राहिली. ती पोत्यात नव्हती. ती सोनाबाईनं स्वतःच्या पिशवीतून आणली होती आणि घरातल्या खिळ्याला टांगली होती, जशी पाळणाघरात टांगलेली असायची.

ती शेळी येडूची. येडूची आई मथुराबाई करकंबची, वाइंडिंगमध्ये कामाला. तिची तीन पोरं पाळण्यातच गेली होती, म्हणून चौथ्याचं नाव येडू ठेवलं. नजर लागू नये, देवानंही ढुंकून बघू नये, म्हणून. हत्ती करू का ससा, असं सोनाबाईनं विचारलं तेव्हा मथुराबाई म्हणाली होती, "शेळी करा. माजी माहेरची शेळी करकंबला ऱ्हायलीय, तिची लई आठवण येती." सोनाबाईनं शेळी केली. शिंगं जरा वाकडी झाली. येडू त्यातलं एक शिंग तोंडात धरून झोपायचा.

दीड वर्षाचा झाला आणि त्याला जुलाब सुरू झाले. चाळीतल्या जाणत्यांनी सांगितलं, पोट रिकामं ठेवा, काही जाऊ देऊ नका, म्हणजे बसेल. तेव्हा सगळे तसंच करत. येडू चुलीकडं हात करून "बाकल, बाकल" म्हणायचा, आणि मथुराबाई भाकरी टोपल्याखाली झाकून त्याला उचलून बाहेर न्यायची. चौथ्या दिवशी त्यानं मागायचं सोडलं. पाचव्या दिवशी तो गेला.

लहान पोर गेलं की त्याचं सगळं त्याच्याबरोबर द्यायचं, अशी तिच्या सासरची रीत. अंगडं, टोपडं, खुळखुळा, सगळं नवऱ्यानं मातीत घातलं. घरात येडू होता याची एक खूण उरली नाही. फोटो तर कुणाचाच नसे. फक्त शेळी राहिली, कारण ती गिरणीत होती.

मथुराबाई कामावर परत आली त्या दिवशी पाळणाघराच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. "मावशी, ती नेऊ का?"

"घरी न्हेलीस तर तुजा नवरा तीबी पुरंल," सोनाबाई म्हणाली. "हितंच असू दे. तू कवाबी ये. मी कुणाला हात लावू द्यायची न्हाय."

काही महिने मथुराबाई जेवणाच्या सुट्टीत यायची. शेळी मांडीवर घेऊन भाकरी खायची, नाहीतर नुसतीच बसायची. मग नवऱ्यानं दुसरी केली, आणि मथुराबाई काम सोडून करकंबला भावाकडं गेली. शेळी खिळ्यावर राहिली. सोनाबाईनं दुसऱ्या पोरांना तिच्याकडं बोटसुद्धा करू दिलं नाही.

मग दुष्काळाच्या साली कुणीतरी गिरणीच्या फाटकाशी सांगितलं, "वाइंडिंगमधली मथुरा गेली." सोनाबाईनं पदर तोंडाला लावला. त्या रात्री ती जेवली नाही. पण वाइंडिंगमध्ये मथुरा दोन होत्या, एक करकंबची आणि एक मंगळवेढ्याकडची, हे तिला ठाऊक असूनही "कोणती?" हा एक शब्द तिनं विचारला नाही. तिच्या मनात मथुरा म्हणजे येडूचीच मथुरा होती.

म्हणूनच आता शेळी हातात घेतल्यावर तिला वाटलं, मागणारं कुणी उरलं नाही. आपण मेल्यावर ही उकिरड्यावर जाईल. त्यापेक्षा वाकळीत जाऊ दे, चार पोरांच्या संगतीत राहील. तिनं शेळीचं पोट उसवलं. हिरवी चिंधी निघाली. गाठ सोडवताना तिचा हात थांबला, पण तिनं ती सोडवली आणि चिंधी पातेल्यात टाकली.

पातेल्यात हिरव्या चिंध्या आणखीही होत्या. एका दिवाळीला गिरणीच्या दुकानात हिरव्या लुगड्यांचा गठ्ठा आला होता आणि वाइंडिंगमधल्या बायकांनी एकसारखी लुगडी घेतली होती. रांगेनं निघाल्या की शेत चालल्यासारखं दिसायचं. त्यातली पाच हिरवी ठिगळं निघाली. सोनाबाईनं त्यांच्या पाकळ्या करून वाकळीच्या मधोमध फूल बसवलं.

वाकळ अनसूयेला फार आवडली. ती फुलावरून हात फिरवत बसायची. एक कोपरा तेवढा उघडा होता. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवून मग तोंड शिवायचं, ही सोनाबाईच्या माहेरची रीत. उपाशी वाकळ ऊब देत नाही. आणि तो घास घालणारा हात लेकुरवाळीचा लागे, जिची सगळी पोरं हयात आहेत अशा बाईचा. सोनाबाईचंही एक पोर तान्हेपणीच गेलेलं, म्हणून तिचा स्वतःचा हात चालत नव्हता. अनसूयेची आई यायची होती, ती घालणार होती.

तिच्या आधी मथुराबाई आली.

दुपारची वेळ होती. दारात एक वाळकी, उन्हानं रापलेली बाई उभी राहिली. हातात पिशवी, पायात टायरच्या वहाणा.

"सोनामावशी हितंच ऱ्हातात न्हवं?"

सोनाबाई वाकळीवरून उठली आणि भिंतीला टेकली.

"वळखलं न्हाय व्हय? मी मथुरा. करकंबची."

"तू... अगं, तू तर..."

मथुराबाई हसली. पुढचे दोन दात नव्हते. "मेले म्हणून सांगितलं का कुनी? मग आयुष्य वाढलं म्हणायचं. नगं असताना वाढतंय बगा ते."

"मला कळलं, वाइंडिंगमधली मथुरा..."

"ती मंगळवेढ्याची. दुष्काळात खडी फोडताना उन्हानं पडली, ती उठलीच न्हाय." मथुराबाई उंबऱ्याशी बसली. अनसूयेनं दिलेलं पाणी ती घटाघटा प्याली. "गिरणीत जाऊन आले. तितं गोदाम केलंय. वॉचमन म्हणला, मावशीनं सगळी जनावरं घरी न्हेली. मग म्हणलं, देव पावला. जाळली असती तर मी काय केलं असतं?"

सोनाबाईनं वाकळ जवळ ओढली.

"आता भाऊबी थकलाय. भावजय म्हणती, ये-जा असू दे, पण ऱ्हायला जागा न्हाय. मला एक खोपट दिलंय मळ्यात. एकटीच असते. म्हणलं, आता कुणी पुरणारं न्हाय, कुणी हसणारं न्हाय, आता शेळी आणावी." ती भिंतीवरच्या खिळ्यांकडं बघत होती. "कुटंय, मावशी?"

खोटं बोलायचं सोनाबाईच्या मनात आलं. हरवली म्हणावं. उंदरांनी खाल्ली म्हणावं. नाहीतर चार दिवसांनी ये म्हणावं आणि तशीच वाकड्या शिंगांची दुसरी शिवावी. पण ही बाई पोटातली गाठ चाचपून बघणार, आणि ती गाठ कुठून आणायची?

"मथुरे," ती म्हणाली, "मी ती उसवली."

मथुराबाईला कळलं नाही. ती अजून हसतच होती.

"तू गेलीस असं वाटलं मला. मी कुणाला इचारलंबी न्हाय. उसवली, सोड्यात उकळली, आन ह्या वाकळीत घातली."

मथुराबाईनं वाकळीकडं बघितलं. मग सोनाबाईकडं. तिचं हसू एकदम गेलं नाही. चुलीतला विस्तव राखेखाली जातो तसं हळूहळू गेलं. "गाठबी सोडवली?"

"व्हय."

"मी मारलेली?"

"व्हय गं."

पाण्याचा तांब्या हातात धरून अनसूया हे सगळं ऐकत होती. तिनं तांब्या खाली ठेवला. "थांबा. आत्या, हे कुणाच्या पोराचं?"

"येडूचं. हिच्या."

"गेलेल्या पोराचं?" तिचा हात आपोआप पोटावर गेला. "ते तुमी माज्या लेकराच्या अंगावर घालणार व्हता?"

"अनसूया, अगं..."

"मला सांगितलं न्हाय तुमी! मी रोज मांडीवर घेऊन बसले त्ये! पहिलटकरीण हाय मी, आत्या!" ती रडायलाच लागली. वाकळ एका टोकाला धरून तिनं ती ओढत दाराबाहेर ओसरीवर टाकली आणि हात धुवायला मोरीकडं गेली.

मोरीत पाण्याचा आवाज येत राहिला. त्या आवाजात मथुराबाई कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं म्हणाली, "माजं लेकरू काय भूत न्हवतं. दीड वर्साचं व्हतं."

ती उठून ओसरीवर गेली. वाकळ धुळीत पडली होती, ती तिनं झटकली, पसरली. सोनाबाई तिच्या मागोमाग येऊन बसली. मधल्या फुलावर बोट ठेवून म्हणाली, "तुजी हिरवी हाय. ह्या पाचातली एक."

"कंची?"

"ते मला सांगता येत न्हाय."

मथुराबाई एकेका पाकळीला नाक लावत गेली. पाचही झाल्यावर परत पहिल्यापासून. मग पालथ्या हातानं नाक पुसलं. "सोड्याचाच वास येतोय." तिनं टॉवेलच्या जोडांवरून हात फिरवला. सगळे पांढरे, सगळे सारखे. यातला शेळीचा कुठला, हत्तीचा कुठला, कुणालाच सांगता आलं नसतं.

"मला शिव्या दे," सोनाबाई म्हणाली. "मी तुला शब्द दिला व्हता."

"शिव्या काय द्यायच्या, मावशी. वीस वर्सं संभाळलीत तुमी. तुमी न्हाय, मीच उशीर केला." हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की शिवी परवडली असती.

सोनाबाईनं वाकळीकडं बघितलं. त्या वाकळीत तिची सगळी पोरं होती. पाळणाघर गेलं, पाळणे गेले, ती पोरं मोठी होऊन रस्त्यात ओळख न देता सायकलवरून निघून जात; त्यांचं जे काही तिच्याजवळ होतं ते एवढंच. हिरव्या पाच पाकळ्या कापून दिल्या असत्या तर बाकीची वाकळ राहिली असती. अनसूयेनं नाही घेतली तरी सोनाबाईला स्वतःला पांघरता आली असती. तिनं कात्री आणायला म्हणून हात टेकलासुद्धा.

पण शेळीचं कातडं, तिचं सूत, ते कसं कापणार? ते सगळ्यांत मिसळलेलं होतं.

"अख्खी घेऊन जा," ती म्हणाली.

"अख्खी?"

"व्हय. त्येच्यात कुटंतरी हायच तो."

मथुराबाईनं वाकळ गोळा करून मांडीवर घेतली. घडी घालताना उघडा कोपरा तिच्या हाताला लागला. "हे शिवायचं ऱ्हायलंय."

"घास घालायचा ऱ्हायलाय. अनसूयेच्या आईची वाट बघत हुते." सोनाबाईनं सुई तिच्यापुढं धरली. "आता तूच घाल."

मथुराबाई मागं सरकली. "काय बोलता! माज्या हातचा चालत न्हाय, मावशी. चारी गेली माजी. अपशकुन हुईल."

"कुणाला हुईल? वाकळ तुजी हाय."

"रीत हाय ती."

"रीत मला ठाव हाय. घाल तू."

मथुराबाईनं पिशवी जवळ ओढली. वाटेसाठी बांधून आणलेली ज्वारीची भाकरी फडक्यात होती, वर शेंगाची चटणी. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मोठा वाटला म्हणून त्याचा लहान केला. मग तो बोटांनी चुरला, अगदी मऊ होईपर्यंत चुरला, दात न आलेल्या पोराला भरवताना चुरतात तसा. चटणी झटकून टाकली. तिखट लागू नये म्हणून.

तिनं तो कोपऱ्यात ठेवला आणि हात तिथंच आत राहिला. "मागत हुता ओ," ती म्हणाली. "लई मागत हुता."

सोनाबाईनं मान हलवली. ती त्या दिवसांत त्यांच्या घरी गेलेली होती. टोपलं झाकलेलं तिनं बघितलं होतं, आणि तीही "देऊ नगंस" असंच म्हणाली होती.

मथुराबाईनं कोपरा शिवला. टाके वेडेवाकडे पडले, वाइंडिंगमध्ये सूत जोडणाऱ्या बोटांचे ते टाके नव्हते. शेवटी तिनं दोऱ्याला गाठ मारली, दाढेखाली धरून घट्ट केली.

अनसूया दाराशी येऊन उभी होती. डोळे सुजलेले. तिला कुणी बोल लावला नाही. तिच्या पोटातल्या जिवाची तिला काळजी, यात तिचं काय चुकलं?

सोनाबाई मथुराबाईला एसटी स्टँडवर सोडायला गेली. वाकळ आळीपाळीनं दोघींच्या डोक्यावर होती. करकंबच्या वाटेवरची पंढरपूरची गाडी लागली होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बोचकं टपावर टाका."

"टपावर न्हाय टाकायचं त्ये."

"मग तिकीट काढा त्येचं!" लोक हसले. मथुराबाई खिडकीशी बसली आणि वाकळ मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवले. गाडी हलल्यावर तिनं हात केला नाही. हात मोकळे नव्हते.

परत येताना सोनाबाईच्या मनात आलं की मंगळवेढ्याच्या मथुरेचीही चिंधी त्या वाकळीत आहे. तिच्या ईरप्पाचा हत्ती होता, कानाला निळा दोरा लावलेला. ती खरंच गेली होती, खडी फोडताना, आणि तिच्यासाठी कुणी पदर तोंडाला लावला नव्हता. एका मथुरेचं रडून झालं होतं. दुसरीचं राहिलं होतं. गिरणीच्या कुंपणाशी सोनाबाई थांबली. पाळणाघराच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. तिथं उभं राहून तिनं ते उरकलं.

दिवाळीनंतर अनसूयेला मुलगी झाली. तिला हिंदुरावनं मागावरची नवी कोरी चादर आणली. चादर चांगली होती, उबदार होती. एक दिवस पोर काही केल्या राहीना, तेव्हा अनसूयेनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, तिला गाठ मारली आणि सासूपुढं ठेवली.

"आत्या, हिला एक हत्ती करा की."

सोनाबाईनं चिंधी हातात घेतली, गाठ चाचपून बघितली. चांगली घट्ट होती.

"तू घरातच हायस की गं," ती म्हणाली. "घे तिला जवळ." आणि चिंधी परत देऊन ती चुलीकडं वळली, आणि सशांनी धरून तापलेलं पातेलं खाली उतरवलं.